नैरोबी ते अक्रा

प्रिय सेलॉर्म,

नैरोबीला विमानात बसताना तू फोन केलास, तेव्हा मी हिशेब केला. चार हजार दोनशे किलोमीटर, म्हणजे सहा तास तरी लागणार. तुझ्या आई म्हणाल्या, "मग भेंडीचं कालवण सावकाश टाक."

तासाभरातच तू दारात उभा होतास. आत येऊन जेवलास. आईंनी पाठीवरून हात फिरवला. "किती गार पडलाय गं माझा लेक." मग तू आत जाऊन झोपलास.

दुपारी तुझा फोन आला. "अक्राला उतरलो. टॅक्सीनं येतोय."

मी आईंना सांगितलं. त्या तुझ्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली. "एसिनाम, आता जो येईल त्याला घरात घेऊ नकोस."

बाहेर टॅक्सी थांबली आहे. हे पत्र तुमच्या दोघांपैकी कुणाच्या हाती द्यायचं, मला कळत नाही.

तुझीच,
एसिनाम