मोटारीवरचा पंचा

आबा, तुमचं करवत मशीन पुन्हा चालू झालं. पण दसऱ्याच्या दुपारी ते भंगारात जाता जाता राहिलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते. तेव्हापासून मशीन सोनगीरच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांखाली पडून होतं. धुळ्याला माझी पदवी झाली आणि गावातल्या मुलींना लाकूडकाम शिकवायचं डोक्यात बसलं. माय म्हणाली, दसऱ्याला चाललं तर ठेवू, नाहीतर भंगारवाल्याला देऊन शेड भाड्याने लावू. मी टेबलावरचा गंज घासला, पात्याला धार लावून आणली, पट्टा नवा घातला. मोटार तुमचीच ठेवली. खंडेनवमीला तुमच्यासारखीच पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची माळ आणि मोटारीवर ओंजळभर अक्षता.

दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं आणि मशीन चाललं. माय लगेच चहा ठेवायला उठली; खूश असली की ती अशीच उठते. तेवढ्यात काका आले. त्यांना दाखवायला पुन्हा बटण दाबलं, तर मोटार नुसती गुरगुरत राहिली, फिरेना. मी घाईने बंद केली. तुमचे धाकटे भाऊ ते, सोडतात थोडेच! "ग्रॅज्युएट पोरगी बटन दाबस अन् मशीन रडस!" माय म्हणाली, "जाऊ दे वं बाई. तुना बापनं मशीन शे ते, दुसरानं नही ऐकाव." आणि तिने काकांना भंगारवाल्याला फोन करायला लावला.

मी वायर काढते. लहानपणी थांबलेल्या पात्याकडे हात नेला होता, तेव्हा माझं मनगट धरून तुम्ही ओरडला होतात, "आधी वायर काढ, मंग पट्टा काढ, मंग हात लाव!" त्याच क्रमाने जाते. पुली हाताने सहज फिरते, म्हणजे बेअरिंग जाम झालेलं नाही. गुरगुर होते, म्हणजे वीज पोचते आहे. मोटारीला सुरू व्हायला जोर देणारा कंडेन्सर गेला असेल म्हणून चौकातून नवा आणून लावते. तरी तोच आवाज. मग पुलीला दोरी गुंडाळते, काका बटण दाबतात, मी भोवऱ्यासारखी दोरी ओढते, आणि मोटार धावू लागते! म्हणजे तिला फिरता येतं, फक्त आपलं आपण उठता येत नाही.

वायर काढून मागचं झाकण उघडलं. आत एक छोटा स्विच असतो. मोटार थांबली की त्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, आणि पुढच्या वेळी पहिला धक्का देणारी वीज त्यांच्यातून जाते. त्या पट्ट्यांच्या मध्ये कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा होता. मोटारीच्या हवेच्या जाळीतून आत पडलेली माझीच अक्षता, सकाळच्या फिरण्यात उडून तिथे अडकलेली.

तेव्हा तुमचा पंचा आठवला. अक्षता टाकण्याआधी तुम्ही दरवर्षी धुतलेला पंचा मोटारीवर घालायचात. मी विचारायची, "आबा, तिले काबरं झाकतस?" तुम्ही म्हणायचात, "आज तिले सुटी शे, निजू दे." मला ते खरंच वाटायचं. त्या दिवशी मी शेडमधून पावलं न वाजवता जायची.

दाणा काढला, पट्ट्या पुसल्या, झाकण लावलं. भंगारवाला दारात आला तेव्हा मशीन चालू होतं. माय त्याला म्हणाली, "चहा पी ले भाऊ, भंगार नही शे आमनाकडे."

आता दोन मुली शिकायला येतात. त्या गेल्या की मोटार गार होईपर्यंत मी थांबते आणि तुमचा पंचा तिच्यावर घालते. त्यांनी विचारलं तर भुसा आत जाऊ नये म्हणून, असं सांगते. ते खोटं नाही. पण हे पत्र कुणाच्या हाती जायचं नाही, म्हणून लिहिते: पंचा घालताना मी हळूच "निजू दे" म्हणते, आणि बाहेर पडताना पावलं वाजू देत नाही.