अनंताचे झाड माझ्या मिळकतीत धरू नये

मी, गिरिजा चंद्रशेखर दाबके, वय वर्षे शहात्तर, मूळची चिपळूणची, गेली बेचाळीस वर्षे राहणार ईडन प्रेरी, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. जानेवारीत बर्फावर घसरून खुब्याचे हाड मोडले, पण त्याचा बुद्धीशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी मी न विचारताच सांगितले आहे.

२०१७ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात ‘घरातील सर्व वस्तू व झाडे माझ्या स्वतःच्या मालकीची आहेत’ असे एक वाक्य होते. ते खरे नव्हते, आणि सही करताना मला ते माहीत होते. या नव्या मृत्युपत्राचा इंग्रजी दस्त वकील देवयानी नाडकर्णी यांच्याकडे आहे. व्यवस्था दोन्हींत एकच आहे. फक्त कारणे मला इंग्रजीत सांगता येईनात, म्हणून हा मराठी मजकूर.

कलम १. राहते घर आणि बँकेत जे असेल ते नकुल आणि आरोही या माझ्या दोन मुलांना समसमान मिळावे. नकुल मॉरिसव्हिलला, आरोही फ्रिस्कोला. दोघांपैकी कोणीही मिनेसोटाच्या थंडीत परत येणार नाही हे मी जाणून आहे. घर विकल्यास मला वाईट वाटणार नाही.

कलम २. माझे यजमान कै. चंद्रशेखर यांची तळघरातली सर्व हत्यारे नकुलला द्यावीत. ते पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर होते. पाणी तपासायची त्यांची लाकडी पेटीही त्यातच आली. गेल्या दिवाळीला नकुलने मला कुंडीतला ओलावा फोनवर दाखवणारे यंत्र पाठवले. ते त्याचे त्याला परत द्यावे. मातीत बोट घालून जे कळते त्यासाठी मला चार्जर नको.

कलम ३. पुरणयंत्र, पितळी डबे आणि माझ्या साड्या आरोहीच्या. ती साडी नेसत नाही, म्हणून कोणाला देऊन टाकल्यास माझी हरकत नाही. पुरणयंत्र मात्र देऊ नये.

कलम ४. आईची नथ माझा भाऊ परीक्षित याच्या मुलीला द्यावी. १९८९ च्या फेब्रुवारीत आमची आई चिपळूणला वारली. तिचे दुखणे तीन आठवडे चालले होते, आणि परीक्षितने मला फोन केला तो सगळे आटोपल्यावर. “तुझे कागद अडकलेत, तुला येता येणार नव्हतंच. उगाच कशाला घोर लावायचा?” असे तो म्हणाला. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद खरोखरच अडकलेले होते. देशाबाहेर पडले असते तर परत येता आले नसते. पण तीन आठवडे तिच्याशी फोनवर तरी बोलता आले असते. हा राग मी पुष्कळ वर्षे जपला. नथ देताना तो संपला असे समजावे.

कलम ५. अनंताच्या झाडाविषयी.

माझ्या बैठकीच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी अनंताचे जे मोठे झाड आहे, ते माझे नाही. ते माझी इथलीच मैत्रीण रेखा श्रीराम बोकारे हिचे आहे.

१९८८ च्या ऑक्टोबरात रेखाच्या वडिलांना नागपूरला अर्धांगाचा झटका आला. जाताना तिने झाड माझ्याकडे ठेवायला दिले. हातभर उंचीचे, पिवळ्या पानांचे. नऊ वर्षे तिने ते सांभाळले होते आणि एकदाही ते फुलले नव्हते. “मेलं तर मनाला लावून घेऊ नकोस,” असे ती दारात म्हणाली.

पाने का पिवळी पडतात ते चंद्रशेखरांनी शोधले. त्यांनी नळाचे पाणी तपासले. ते म्हणाले, “पाणी जड आहे. चुना आहे यात. याला कोकणातलं पावसाचं पाणी पाहिजे.” पाऊस नव्हता, पण अंगणात गुडघाभर बर्फ होता. मी बादलीभर बर्फ घरात आणायची, तो वितळून कोमट होऊ द्यायची आणि तेच पाणी घालायची. जानेवारीपर्यंत नवी पाने हिरवी आली.

मग आई गेली. एप्रिलमध्ये झाडाला एक फूल आले. सकाळी जिना उतरत होते तर वास आला. माझी आई अंबाड्यात रोज अनंताचे फूल घालायची. आमच्या परसात झाड होते. मी खालच्या पायरीवर बसले आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा रडले. चंद्रशेखर कामावर निघाले होते. ते बूट घातलेले तसेच माझ्याशेजारी येऊन बसले आणि त्या दिवशी गेलेच नाहीत.

जूनमध्ये रेखा परतली. तिने फोन केला आणि इकडचे तिकडचे बोलून विचारले, “आणि माझा अनंत कसा आहे?”

मी म्हणाले, “रेखा, तो थंडीत गेला.”

असे म्हणायचे मी ठरवलेले नव्हते. तोंडून निघून गेले. रेखा म्हणाली, “जाऊ दे. तुझी आई गेली या वर्षात. झाडाचं काय घेऊन बसलीस?” ती एखादा शब्द रागाने बोलली असती तर मी त्याच क्षणी खरे सांगितले असते. असे मी स्वतःला आजवर सांगत आले.

पुढे झाड माडीवरच्या खोलीत गेले. रेखा दर शुक्रवारी यायची. ती येण्याआधी मी वरचे दार लावायची, खाली उदबत्ती लावायची आणि फोडणीत कांदा जास्त घालायची. चंद्रशेखर एकदा म्हणाले, “सांगून टाक. ती हसेल.” मी नाही म्हटले. दहा वर्षे झाल्यावर सांगणे आणखी अवघड झाले, वीस वर्षांनी अशक्य.

२०१६ मध्ये चंद्रशेखर गेले. रेखा महिनाभर माझ्याकडे राहिली, खालच्या खोलीत, माझ्याजवळ. तेव्हाही मी सांगितले नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि जिना बंद झाला. नकुलने बिचाऱ्याने मला न विचारताच झाड खाली आणून बैठकीच्या खोलीत ठेवले. आता ते लपवता येईना. म्हणून मी रेखाला घरी बोलावणे बंद केले. “मीच येते तुझ्याकडे,” म्हणायची. ती डबा घेऊन आली तर दारातूनच घ्यायची. कधी सर्दी, कधी घर आवरलेले नाही. आठ वर्षे. एका झाडासाठी मी माझ्या जिवाभावाच्या माणसाला उंबऱ्यावर ठेवले.

जानेवारीत मी पडले. घरचे हीटिंग बघायला कोणीतरी हवे, म्हणून नकुलने रेखा मावशीला फोन करून गॅरेजचा कोड दिला. तिसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलमध्ये आली, कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली, “अनंत कधी आणलास गं? केवढा मोठा आहे. कळ्या धरल्यात. बादलीत पाणी होतं ते घातलं मी. चालतं ना?”

तिने ओळखले नव्हते. ‘घेतला कुठल्याशा नर्सरीतून’ एवढे म्हटले असते तर संपले असते. माझ्या ओठांवर ते आलेही होते.

मी म्हणाले, “चालतं. बर्फाचं पाणी आहे. रेखा, तो तुझाच आहे. तो मेला नव्हता.”

नर्स येऊन बीपी घेऊन गेली. मग रेखा म्हणाली, “म्हणून मला घरात घेत नव्हतीस?”

“हो.”

“मला वाटत होतं, शेखरभावजी गेले तेव्हा मी तुझ्याकडे राहिले त्या महिन्यात माझ्या तोंडून काहीतरी लागेलसं गेलं. आठ वर्षं मी आठवतेय, काय बोलले असेन. झाड गेलं म्हणालीस, त्याच वर्षी मी ते विसरले होते, गिरिजा.”

ती कोट घालून निघून गेली. चार दिवस आली नाही. मी नकुलला म्हटले, आता झाडाचे दुसरे कोणीतरी बघायला हवे. तो म्हणाला, “मावशी रोज सकाळी जातेय की. मला फोटो पाठवते.” पाचव्या दिवशी ती मुगाची खिचडी घेऊन आली. मी माफी मागितली. ती म्हणाली, “आधी खा.” फेब्रुवारीत मी घरी आले तेव्हा मला दार तिने उघडले.

कलम ६. झाड पुढे कोणाच्याही हाती गेले तरी हे पाळावे. नळाचे पाणी घालू नये. हिवाळ्यात बर्फाचे, उन्हाळ्यात पावसाचे, आणि दोन्ही खोलीत ठेवून कोमट झालेले. हीटरच्या झरोक्याजवळ ठेवू नये. कुंडीखाली ताटलीत खडे आणि पाणी असावे, म्हणजे हवा ओलसर राहते. पानांच्या बेचक्यात पांढरा पिठ्या किडा दिसला तर कापसाला स्पिरिट लावून पुसावा. कळ्या धरल्यावर कुंडी हलवू नये, फिरवूही नये; कळ्या गळतात. फूल तिसऱ्या दिवशी पिवळे पडते, त्याआधी ते कोणीतरी केसांत घालावे.

कलम ७. मी प्रथम असे लिहिले होते की झाड रेखाला द्यावे. देवयानी म्हणाली, “चालेल, पण मग रेखाकाकूंची साक्षीदार म्हणून सही नको. ज्यांना काही मिळतं त्यांची साक्ष न घेतलेली बरी.” रेखा तिथेच बसली होती. ती म्हणाली, “मला झाड नको, मला सही करायची आहे. हिने एवढं लिहिलंय, ते खरं आहे म्हणून मी नाही सांगायचं तर कोणी?”

मी देवयानीला विचारले, “जी वस्तू माझी नाहीच, ती मला मृत्युपत्राने देता येते का?”

देवयानी म्हणाली, “नाही. मग ती तुमच्या मिळकतीतच येत नाही.”

म्हणून हे कलम असे: सदर झाड १९७९ पासून आजतागायत सौ. रेखा बोकारे यांच्या मालकीचे असून ते माझ्याकडे केवळ सांभाळण्यास आहे. माझ्या पश्चात त्यांनी ते न्यावे अथवा वाटेल त्याला द्यावे. माझ्या मुलांनी त्यावर हक्क सांगू नये. सौ. बोकारे यांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही.

कलम ८. माझे दिवस थोडक्यात करावेत. मुलांनी त्या आठवड्यात रेखा मावशीला एकटी सोडू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

गिरिजा चंद्रशेखर दाबके
ईडन प्रेरी, मिनेसोटा
शनिवार, १४ जून २०२५

साक्षीदार १: मार्लिस लुंडग्रेन, शेजारी. यांना मराठी वाचता येत नाही. मजकूर काय आहे ते इंग्रजीत सांगितले. सही त्यांच्यादेखत झाली.

साक्षीदार २: रेखा श्रीराम बोकारे. मजकूर मी दोनदा वाचला. लिहिणारी बाई पूर्ण शुद्धीवर आहे आणि तिने जे लिहिले ते खरे आहे. सही करताना ती रडली आणि मीही रडले, एवढे तिने लिहायचे टाळले, म्हणून मी नोंदवते.