दहावी ब चा पासवर्ड

१२ जाने. २००९
वर्गाची नेटवरची कम्युनिटी झाली एकदाची. विज्ञानाच्या शंका, प्रयोगांचे फोटो, सगळं तिथे. घरी कॉम्प्युटर कोणाकडेच नाही, शाळेच्या गावात, सिंदीत, नेट कॅफे एकच. पोट्टे घोळक्यानं जातात. प्रत्येकाचं खातं काढत कोण बसेल? एकच काढलं, 'दहावी ब' नावानं. पासवर्ड फळ्यावर लिहून दिला. हेडमास्तर, आमचे हे.मा., म्हणे, हे काय नवीन खूळ. म्हटलं, बघत राहा.

२० जाने.
शंका येऊन राह्यल्या धडाधड! वर्गात तोंड न उघडणारेही लिहितात. प्रणालीचा फोटो टाकला, भिंगाच्या प्रयोगाचा. पोरगी हुशार, बोर्डात नाव काढेल. पिपरीला घरी येईस्तोवर मी आपली खुशीत.

२ फेब्रु.
शाळेत पोचते तर प्रणालीचे बाबा हे.मा.च्या खोलीत. बाजारात कापडाचं दुकान आहे त्यांचं. कोणीतरी कॅफेतून प्रिंट काढून दुकानात आणून दिली. वर प्रणालीचा फोटो, खाली घाण. इथे लिहवत नाही. लिहिणाऱ्याचं नाव : दहावी ब.
कॅफेत जाऊन पुसलं सगळं.

३ फेब्रु.
प्रणाली आली नाही. वर्गात विचारलं. पासवर्ड अर्ध्या गावाला ठाऊक म्हणे. फळ्यावर किती दिवस तसाच होता, कोणी पुसला नाही, मीही नाही. भैताड, बिनडोक कुठली मी! आणि फोटो टाकायच्या आधी तिच्या घरी विचारायचं सुचलंच नाही. एवढी साधी गोष्ट.

६ फेब्रु.
दुकानात गेले. माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, बसायलाही सांगितलं. मग म्हणाले, "मॅडम, कोनं लिहिलं त्याचं नाव सांगा, उद्याच्या उद्या पोरगी शाळेत धाडतो. नाई तं केळझरले मामाकडे पाठवून देतो. परीक्षा-बिरीक्षा काई नाई."

९ फेब्रु.
हे.मा. म्हणे वर्गातल्या अक्षयचं नाव देऊन टाका, तसाही वाया गेलेलाच आहे. पुरावा काही नाही. मलाही तोच वाटतो. काऊन? तर उलट बोलतो, मला आवडत नाही, म्हणून. लाज वाटली.
पण प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यात. प्रणाली...

११ फेब्रु.
ठरलं. अक्षयचं नाव सांगते. पोराला चार दिवस ओरडतील, पोरीचं वर्ष तर वाचेल.

१२ फेब्रु.
शाळा सुटल्यावर प्रणाली आली, आईसोबत. आई दाराबाहेरच थांबली. पोरगी निम्मी झाली आहे. मी म्हटलं, काळजी नको करू, उद्या बाबांना नाव सांगते.
एकदम रडायला लागली. "नोका सांगू मॅडम. कोनाचंच नोका सांगू. ज्याचं सांगसान त्याच्यासंग माह्यं नाव जोडतीन लोकं. जल्मभर."
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बीएड झालेली बाई मी.
"मग परीक्षा कशी देशील बेटा?"
"तुमीच सांगा," म्हणाली. डोळे पुसले आणि आईमागे निघून गेली.
उद्या प्रार्थनेनंतर तिचे बाबा येणार. हे.मा.नी अक्षयच्या वडलांनाही बोलावून ठेवलंय.