मडमेचं अत्तर

दहिवली, ता. ३ फेब्रुवारी १९३४
शेजारच्या विमलबाईचा भाऊ माथेरानला एका साहेबाकडे बटलर आहे. मडमेला नकोशी झालेली अत्तराची अर्धी बाटली त्याने बहिणीला दिली. आज ती ते लावून विहिरीवर आली. बायका म्हणाल्या, "हे कसलं गं अत्तर? गुलाब नाय, मोगरा नाय. सुताराच्या घरात खीर सांडली काय?" सगळ्या हसल्या.
मी हसले नाही. सागाचा भुसा, लवंग, दालचिनी आणि वर व्हॅनिलाच्या बिस्किटांचा गोडवा. हा आमच्या ह्यांच्या कोटाचा वास. हे लाकडाच्या वखारीत कारकून. तोंडात लवंग, खिशात माझ्यासाठी स्टेशनवरची बिस्किटं. बिस्किटं बांधलेला वर्तमानपत्राचा कागद वाचत वाचतच मी वाचायला शिकले. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. आणि तो वास आता विमलबाईच्या मानेला!
मला हेवा मुळीच वाटत नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

ता. ४
विमलबाई स्वतः आली. म्हणाली, "सोनाबाय, हात पुढं कर. जराशी लावते. कोण बघतंय?" विधवेने अत्तर लावणं पाप आहे, हे तिला तासभर समजावलं. ती उठली तेव्हा कळलं, तेवढा वेळ मी तिचा हात धरून बसले होते.

ता. ९
निश्चय. विमलबाईजवळ बसायचं नाही.

ता. १०
देवळात पोथी होती. विमलबाईजवळ बसले. तिथे वारा लागतो. वारा तिच्याच अंगावरून येतो, त्याला मी काय करू?

ता. १२
ट्रंकेतला कोट काढला, नाक खुपसलं. डांबराच्या गोळ्या! कॉलरपाशी थोडी लवंग उरली आहे. निदान मला तरी तिचा वास येतो.
निश्चय. अत्तर घरी करायचं. मडमेला जमतं, मला न जमायला काय झालं?

ता. १४
तिळाचं तेल, वखारीतला सागाचा भुसा, लवंग, दालचिनी. बिस्किटं कुटून घातली. बरणी उन्हात ठेवली. रंग फार उत्तम. झालं की विमलबाईलाही थोडं देईन. माणसाने मन मोठं ठेवावं.

ता. २२
गाळलं. अंगाला लावायचं नाही, नियम म्हणजे नियम. कोटाला लावलं. सढळ हाताने. विमलबाई तिच्या ओटीवरून ओरडली, "सोनाबाय, आज मटण काय गं? आमाला वाटीभर पाठव!"
तिला नाकच नाही.

ता. २३
कोटाला मुंग्या. सगळ्या उजव्या खिशात शिरल्या. बिस्किटं त्याच खिशात असायची.

ता. २४
कोट रिठ्याने धुतला. तेलाचा डाग राहिला. बाकी काही राहिलं नाही. लवंगसुद्धा नाही.
आज जेवले नाही. उपवास नव्हता.

ता. २८
धर्माचा पुन्हा विचार केला. विधवेने अंगाला लावू नये हे खरं. पण तिच्या ट्रंकेतल्या कोटाला मडमेचं अत्तर लावू नये, असं कुठल्या पोथीत आहे? विमलबाईकडे गेले. म्हटलं, कापसाचा एक बोळा भिजवून दे.
ती म्हणाली, "अगं बया! संपलं की! तूच नाय का पाप पाप करून माझं डोकं खाल्लंस? मलाबी मग नकोसं झालं. बाजेवर ओतलं समदं. ढेकूण लय झालेत."
मी म्हटलं, बरं केलंस. बाज अंगणात उभी होती. जाताना जरा तिच्याजवळून गेले.

ता. २ मार्च
काल बाज मागून आणली. गुडघे धरतात, जमिनीवर निजवत नाही, असं सांगितलं. विमलबाई म्हणाली, "अगं, पण ढेकूण मेलं नायत!"
सकाळी पाहिलं तर अंगभर चट्टे. कधी चावले कळलंच नाही. अशी झोप सात वर्षांत लागली नव्हती.
बाज एवढ्यात परत करता येणार नाही. गुडघे फार दुखतात.