तांबूपुढचं भजन

सूनबाई, दूध उतरवून जरा निवांत बस, एक गोष्ट सांगायची आहे. तोंडाने सांगितली असती तर रडली असतीस, म्हणून लिहून ठेवते.

भजन ऐकल्याशिवाय तांबू पान्हा सोडत नाही, ही खोड मीच लावलेली. सकाळची धार गाऊन काढली. आता तुझे सासरे मला मोठ्या दवाखान्यात नेताहेत. घशातली गाठ वाईट निघाली. डॉक्टर आवाजासकट काढणार. तुझ्या नवऱ्याला नुसती 'तपासणी' सांगितलीय.

संध्याकाळी तू गा. म्हणशील, "आई, माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं!" अगं, गाय काही परीक्षा घ्यायला बसलेली नाही.

आवाज देवाचाच होता, त्याचा त्याला जाईल. पण नात मोठी झाल्यावर तिला सांग, आजी गायची. माझा आवाज तेवढा लक्षात ठेव.