सोनीबाईचा पहिला जबाब

१० नोव्हें., सोम.
ठाण्यात दिवसपाळी. सकाळीच एक मजूर बाई आली. सोनीबाई, सुरगाण्याकडची, इथे द्राक्षमळ्यावर कामाला. टोळी घेऊन दुसऱ्या मळ्यावर जाते म्हणाली म्हणून मालकाने सगळ्यांसमोर काठीने मारलं. दंडावर वळ. जातीवरून काय काय बोलला तेही तिने सांगितलं, खाली बघून. मी 'शिवीगाळ व मारहाण' लिहिलं. अदखलपात्र म्हणून एन.सी. घेतली, अंगठा घेतला. अर्ध्या तासात काम फत्ते. माझा कागद कोर्टात वाचताना कोणी अडखळत नाही.

१३ नोव्हें., गुरु.
सोनीबाई परत आली. माझ्या टेबलाकडे ढुंकूनही न बघता थेट गावितकडे. गावित म्हणजे दिवाळीनंतर आलेली नवी शिपाई. वय सव्वीस, तीही सुरगाण्याचीच. दोघींचं त्यांच्या बोलीत तासभर चाललं होतं, मला ओ की ठो कळलं नाही. मग गावितने पुरवणी जबाब लिहिला. मालकाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे, जमातीच्या नावासकट. वाचताना माझे कान तापले. असलं कागदावर?
पण त्यामुळेच ॲट्रॉसिटी लागली. नुसत्या 'शिवीगाळ'वर ते कलम उभं राहत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तेवीस वर्षं झाली नोकरीला.

१५ नोव्हें., शनि.
तपास एसीपी साहेबांकडे गेला. ते आले, आणि भर ऑफिसात ग.चा कागद वर धरून म्हणाले, "फिर्याद अशी लिहायची." (पूर्ण नाव लिहायलाही नको वाटतं.) माझा कागद शेजारीच पडला होता. त्याला हातसुद्धा लावला नाही.
जाताना तिला रायटर म्हणून घेतलं. साहेबांचे सगळे जबाब आता तीच उतरवणार. ती जागा मी सहा वर्षं मागतेय.
जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं एकदाचं. बरं काही वाटलं नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
साहेबांनी वर्ग ठेवला. द्वेषातून घडलेला गुन्हा कसा ओळखायचा, फिर्यादीला काय विचारायचं. शिकवणार कोण, तर ग.! मी पहिल्या बाकावर, तिच्या आईच्या वयाची.
ती म्हणाली, "आपल्याला लाज वाटते म्हणून आपण ते शब्द गाळतो. पण लाज बोलणाऱ्याला वाटायला हवी ना?"
माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं. चहाच्या वेळी जवळ आली. "ताई, माझं काही चुकलं तर सांगा हं." गोड बोलते मेली. आणि शिकवलंनही चांगलं.

२१ नोव्हें., शुक्र.
मालकाने अटकपूर्व जामीन मागितलाय. त्याचा वकील कोर्टात म्हणाला, पहिल्या जबाबात असा एकही शब्द नाही, मग तीन दिवसांनी आला कुठून? नव्या शिपाईबाई फिर्यादीच्याच समाजाच्या, त्यांनी पढवलं. पुढची तारीख मंगळवार.
साहेबांनी बोलावलं. "पहिल्या दिवशी तिने शब्द सांगितले होते की नाही, एवढंच तुम्ही जबाबात सांगायचं."
हो म्हटलं तर चौकशी माझी, एएसआयच्या बढतीच्या यादीतून नाव कट. नाही म्हटलं तर ग. खोटी. वर्ग बंद, रायटरकी बंद. मालक मोकळा.
खरं सांगायचं तर आधी डोळ्यापुढे आलं ते ग.चं पडलेलं तोंड. आणि बरं वाटलं. सोनीबाई नंतर आठवली, बसमध्ये.

२२ नोव्हें., शनि.
ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आठवत नाही म्हण. त्याला कोण काय करणार?"
सोपं आहे. खोटंही नाही वाटत ऐकायला. दिवसाला पंधरा माणसं येतात टेबलापुढे, कोणाकोणाचं...

२४ नोव्हें., सोम.
सोनीबाई आज माझ्या टेबलापाशी आली. पहिल्यांदाच, त्या दिवसानंतर. टोळी दुसऱ्या मळ्यावर गेली, हिला तिथंही घेईनात. केसवाली नको म्हणतात. मागे ग. उभी होती.
"बाई, तुमाला सांगलं व्हतं ना मी? त्याच दिशी?"
मी रजिस्टर उघडलं. पानं चाळली. "रोज इतकी माणसं येतात गं. मला नाही आठवत."
ती चिडली नाही. म्हणाली, "मला आठवतं. तुमी म्हनल्या, असं घाण लिवत नसतात, बायमाणूस आहेस तू."
म्हणाले होते. हेच, अगदी याच शब्दांत. वर तिच्या पाठीवरून हातही फिरवला होता.
ग.ने मान खाली घातली. मला वाचवायला. ह्यातही पुढे! तिने डोळे वटारले असते तर परवडलं असतं.
उद्या सकाळी दहाला साहेबांसमोर माझा जबाब. रायटर गावित. मी जे बोलेन ते ती जसंच्या तसं लिहील, एक शब्द गाळणार नाही.