प्रवाळांच्या टाकीचा वारस

मी, विमल श्रीधर कुंटे, वय बहात्तर, जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका, राहणार रोहा, जिल्हा रायगड, हा कागद माझ्या मर्जीने करून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी गेल्यावर ‘म्हातारीला भ्रम झाला होता’ असं कोण म्हणणार हे मला आजच ठाऊक आहे. मसुदा वकील मृणालीने, माझ्या जुन्या विद्यार्थिनीने, तपासला. ‘बाई, मधली बोलणी काढा,’ असं ती म्हणाली. मी काढलेली नाहीत. तिचा एक सल्ला मात्र ऐकला आहे: ज्याला या कागदातून काही मिळणार, त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही.

कलम १. राहतं घर माझ्या पगारातून बांधलेलं व माझ्या नावावर आहे. मागच्या दोन खोल्या (कलम ४) सोडून ते मुलगा अद्वय, राहणार पेण, यास द्यावे. पुढच्या खोलीला मात्र कलम ५ लागू राहील. अद्वय, दिवाळीत तू त्या खोलीत टेप घेऊन काय करत होतास? ‘पडद्याचं माप घेतोय’ म्हणालास. पडद्यासाठी फरशी मोजत नाहीत, बाळा.

कलम २. दागिने सून आसावरी हिला. बांगड्या खऱ्या आहेत का, हे तिने पेणच्या सोनाराकडून पाहून घेतलं होतं. खऱ्या आहेत.

कलम ३. घरकाम करणाऱ्या पुतळीला येथे काही ठेवलेलं नाही. शिवणयंत्र मी तिला हातानेच दिलं. माझ्यामागे ते तिच्यापर्यंत पोचलं असतं याचा मला भरवसा नाही.

कलम ४. धाकटे दीर मोरोपंत यांना मागच्या दोन खोल्या मी पूर्वीच लिहून दिल्या आहेत. आता काही नाही. म्हणूनच त्यांना साक्षीदार नेमलं आहे.

कलम ५. पुढच्या खोलीतली काचेची टाकी, त्यातलं समुद्राचं पाणी आणि जिवंत प्रवाळ. माझा जीव अडकला आहे तो इथे. हे दगड नाहीत, प्राणी आहेत. मुंबईहून थर्मासमधून आणले आणि वाढवले. माझ्यामागे ते जगावेत एवढीच माझी इच्छा आहे, आणि ते कोणाच्या हाती द्यावेत हेच कळत नव्हतं.

गेल्या गणपतीत मी अलिबागला इस्पितळात होते. परत आले तर टाकीचं पाणी गढूळ, प्रवाळांवर तपकिरी शेंबडासारखा थर आणि कुजका वास. कुजलेला भाग ब्लेडने चांगल्या भागापर्यंत कापून काढला, उरलेले तुकडे आयोडीनचे थेंब घातलेल्या पाण्यातून काढून वेगळ्या बरणीत हवेचा पंप लावून ठेवले. थोडे वाचले, बाकीचे गेले. मी रडले, हे इथे लिहायला मला लाज नाही.

टाकी उपसताना तळाशी शाडूची माती निघाली आणि मातीत उंदराचं रंगवलेलं शेपूट. आमचा दीड दिवसाचा गणपती कोणीतरी माझ्या टाकीत विसर्जन केला होता. मातीने प्रवाळ गुदमरले आणि त्यावर रोग चढला.

सगळ्यांना विचारलं. अद्वय म्हणाला, ‘काकांनी नेला असेल नदीवर.’ मोरोपंत म्हणाले, ‘अद्वयनेच नेला की, वहिनी.’ पुतळी म्हणाली, ‘बाई, मी नाय हात लावला. माझा बाप मिठागरातला, खाऱ्या पाण्यात गोडी माती टाकू नये येवढं मला कळतंय.’ तिघंही माझ्या नजरेला नजर देईनात.

तेव्हापासून मी काचेवर लिहायच्या पेन्सिलने टाकीवर पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवली आहे. पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं, म्हणून रोज वरून शुद्ध पाणी घालावं लागतं. हल्ली मी घालायला जाते तर पाणी आधीच रेघेला टेकलेलं असतं. केराच्या डब्यात बॅटरीत घालतात त्या पाण्याची रिकामी बाटली सापडली. आमच्या घरात गाडी कोणाकडेच नाही. म्हणजे कोणीतरी माझी पाठ वळली की टाकीपाशी जातं, आणि नेमकं जे घालायला हवं तेच घालतं.

म्हणून असं ठरवते: ज्याने विसर्जन केलं, त्यालाच ही टाकी मिळावी, आणि ती याच खोलीत राहावी. बाकीचे माझ्या तेराव्याला टाकी विसरतील. ज्याच्या हातून एकदा मेले, तो विसरणार नाही. अटी: नवा प्रवाळ महिनाभर वेगळ्या बरणीत ठेवावा, रोगट तुकड्याचा चिमटा चांगल्याला लावू नये, साबणाचा हात, उदबत्ती, डासांचा धूर खोलीत नको, तांब्याच्या भांड्यातलं पाणी कदापि नको. त्या व्यक्तीने चारचौघांत कबूल करावं. कोणीच कबूल न केल्यास प्रवाळ मुंबईच्या मत्स्यालयाला द्यावेत आणि अद्वयने खुशाल फरशी मोजावी.

हा मजकूर मी सर्वांसमोर मोठ्याने वाचला, त्यानंतर सह्या झाल्या.

स्थळ: रोहा. दिनांक: १८ जानेवारी १९९८.
सही: विमल श्रीधर कुंटे

साक्षीदार १: दाजी गोविंद पाटणकर, शेजारी (सही)
साक्षीदार २: ~~मोरोपंत हरी कुंटे~~

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच बैठकीत: मोरोपंतांनी पेन हातात घेतलं, नावावर टेकवलं आणि टोपण लावून खाली ठेवलं. मृणालीने विचारलं, ‘काका, काय झालं?’ ते म्हणाले, ‘ज्याला मिळतं त्याने सही करायची नसते ना?’

मी कारण विचारलं. म्हणाले, ‘वहिनी, तुमचं तिकडे ऑपरेशन चाललं होतं. दीड दिवस झाला तरी देवाला घराबाहेर काढायला जीव होईना. म्हटलं, घरातच समुद्र आहे.’

कलम ५ मोरोपंतांना लागू. खाडाखोड माझ्या संमतीने. काचेवरची पेन्सिलची रेघ मात्र मी जिवंत असेतो कोणी पुसू नये.

सही: विमल श्रीधर कुंटे
साक्षीदार १: दाजी गोविंद पाटणकर (सही)
साक्षीदार २: पुतळी शिवा म्हात्रे (सही)